वेळ नव्हता म्हणे!

‘बाई, वेळच मिळाला नाही हो.’

हे वाक्य आज बोललीस ते बोललीस, पुन्हा माझ्यासमोर बोलू नकोस. ती खुर्ची ओढ आणि बस. आजारातून उठलीयेस म्हणून उभं करत नाही, एवढीच काय ती सवलत. मी बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, आणि डोळ्यांत पाणी आणून तर मुळीच दाखवायचं नाही.

सीईटी एप्रिलमध्ये झाली. बारावीचा निकाल मेमध्ये लागला. तुला पहिला ताप आला जूनच्या मध्यावर. गणिताची विद्यार्थिनी म्हणवतेस ना? मग मांड हिशेब. एप्रिल ते जून हे दिवस कुणाच्या खात्यावर टाकायचे? टायफॉइडच्या? तो तर तेव्हा तुझ्या दारातही आला नव्हता.

तेव्हा तू काय करत होतीस हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. तुझ्या फोनवरून साऱ्या नारायणगावाला ते कळत होतं. आधी मामाकडे डोंबिवली. तिथून मावसभावंडांबरोबर अलिबाग. परत येऊन बॅग खाली ठेवतेस न ठेवतेस तोच काजवे बघायला भंडारदरा. (काजवे चमकतात ते जोडीदार शोधायला. पावसाच्या तोंडावर जेमतेम काही आठवडे मिळतात त्यांना. तिथे जाऊन मोबाइलच्या बॅटऱ्या मारायच्या आणि वर ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहायचं! असो.)

फिरू नये असं मी कधीच म्हटलेलं नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं मान मोडून अभ्यास केलास, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण आपल्याकडे माणसं वारीलासुद्धा घरच्या पेरणीची काहीतरी सोय लावून निघतात. विठ्ठलाला भेटायला निघालेल्या माणसाला जे भान असतं, ते अलिबागच्या किनाऱ्यावर पाय भिजवायला निघालेल्या मुलीला नको?

आता दाखल्यांचं बोलू. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच करा, अशी सूचना फलकावर लावली होती आणि मी ती वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवली होती. तू पहिल्या बाकावर होतीस. ‘ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबांच्या शाळेतून दाखला नाहीतर जनरल रजिस्टरचा उतारा काढावा लागेल, आजच घरी सांगा,’ इतकं फोड करून सांगितलं होतं. तू मान डोलावलीस. अर्ज कधी केलास? बारावीच्या निकालानंतर. तोही तू नाही केलास, तुझ्या वडिलांनी केला.

त्या उताऱ्याचं पुढे काय झालं, तुला ठाऊक आहे का? मला ठाऊक आहे, कारण तुझे वडील तो कागद घेऊन माझ्या घरी आले होते. रजिस्टरात आजोबांचं घरात हाक मारायचं नाव लागलंय आणि सातबाऱ्यावर, आधार कार्डावर भारदस्त नाव. तेव्हाच्या मास्तरांनी पोरगं ज्या नावानं शाळेत आलं तेच लिहून घेतलं, त्यात त्यांचा काय दोष! पण आता हे दोन्ही एकच गृहस्थ, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र आलं, स्टॅम्प आला, झेरॉक्सवर झेरॉक्स आल्या. कागद चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलेला, घामाने कडा ओल्या झालेल्या. ‘बाई, एवढं वाचून सांगा, इथं सही कुणाची लागंल?’ असं ते विचारत होते. टोमॅटोच्या तोडणीचे दिवस, बाजारात क्रेट जायचे, तारकाठीला माणूस मिळत नाही. आणि हा माणूस सगळं टाकून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर पुण्याला, जात पडताळणी समितीच्या दारात खेपा घालतोय. त्याच आठवड्यात तुझ्या फोनवर काय होतं? वाळूत काढलेलं बदामाचं चित्र.

नॉन-क्रीमी लेअरचंही तेच. तुझ्याकडचा दाखला ३१ मार्चला संपला. तो संपतोच, ज्याच्या त्याच्या मुदतीप्रमाणे, त्यात नवीन काहीच नाही. नव्यासाठी वडिलांचे तीन वर्षांचे उत्पन्नाचे कागद लागतात, तलाठ्यापासून सुरुवात करून सेतूमार्गे प्रांत कार्यालयापर्यंत फाईल सरकावी लागते. एप्रिलमध्ये गेली असतीस तर निवांत मिळाला असता. जूनमध्ये अख्ख्या तालुक्यातली पोरं एकाच खिडकीशी गर्दी करतात. मग तुम्ही म्हणता सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर डाऊन होतो, मान्य. पण तो एप्रिलमध्ये कमी वेळा होतो.

यात पणाला काय लागलंय, ते तरी कळतंय का तुला? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ झालं. आधी ओबीसी मुलीलाही निम्मीच सवलत होती. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी हुशार मुली केवळ उरलेल्या निम्म्या पैशांपायी इंजिनिअरिंग सोडून दुसरीकडे वळल्या. त्यांना हे मिळालं नाही, तुला मिळतंय. पडताळणीच्या अर्जाच्या पावतीवर आज वेळ मारून नेलीस, पण मुदतीत मूळ दाखला पोचला नाही तर तुझी गणना खुल्या वर्गात. मग मिळालेली जागाही डळमळली आणि फीमाफीही. वसतिगृहाचा, मेसचा खर्च तर तसाही वडिलांच्याच डोक्यावर आहे. तो किती येणार, हे कधी कागदावर मांडलंस?

आता तुझ्या आजारपणाकडे येते. आजाराला मी नावं ठेवत नाही. कुठल्या टपरीवरचं पाणी, कुठल्या गाडीवरचा बर्फ, ते शोधून आता उपयोग नाही. पण डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं तू काय केलंस? तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरला, तशी स्ट्रिप ड्रॉवरमध्ये गेली. आईने विचारलं तर ‘संपत आल्यात’ म्हणालीस. ती अर्धी भरलेली स्ट्रिप तुझ्या आईनेच मला दाखवली. ताप उतरला म्हणजे जंतू गेले नाहीत. अँटिबायोटिकचा कोर्स डॉक्टरांनी सांगितला तेवढा पुरा करायचा असतो, हे तुला जीवशास्त्राच्या बाईंनीही शिकवलं होतं. विषमज्वर उलटतो. बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा उलटतो. उलटलाच. नाहीतर सलाइन लावून पडायची वेळ कशाला आली असती?

मधल्या काळात तू काय केलंस, तेही ऐक. चुलतबहिणीच्या हळदीला गेलीस, आणि नुसती गेली नाहीस, पंगतीत वाढलंस. टायफॉइडचे जंतू माणसाच्या पोटातून बाहेर पडून पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या पोटात जातात. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची एक स्वयंपाकीण होती. स्वतः ठणठणीत, पण ज्या घरी स्वयंपाकाला राही त्या घरी टायफॉइड. १९०७ मध्ये तिला वेगळं ठेवलं, पुढे स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं. १९१५ मध्ये ती सापडली कुठे, तर एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात! मग १९३८ मध्ये मरेपर्यंत तिची सुटका झाली नाही. तिला आपल्यात काही दोष आहे हे पटतच नव्हतं. तुला तर माहीत होतं. तरी नव्या साडीत जिलब्या वाढत फिरलीस.

आणि हळदीनंतर, दुसरा ताप यायच्या आधी, नाणेघाट. पावसात. अंगात ताकद नव्हती म्हणून अर्ज भरायला सायबर कॅफेत जाता येत नव्हतं, पण नाणेघाटात उलटा धबधबा बघायला जाता आलं. तो व्हिडिओ मी पाहिला. लेण्याच्या भिंतीला पाठ लावून उभी आहेस आणि केस उडतायत. त्या भिंतीवर काय आहे? सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. तिने केलेल्या यज्ञांतल्या दानाची यादी. किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण, सगळे आकडे तिथे कोरलेत. दोन हजार वर्षांहून जुने. भारतातल्या अंकलेखनाचा इतिहास लिहिणाऱ्या माणसाला त्या भिंतीपाशी थांबावंच लागतं. जुन्नर तालुक्यातली, गणितात ९४ गुण मिळवलेली मुलगी त्या आकड्यांकडे पाठ करून उभी राहिली आणि कॅमेऱ्याकडे हसली. मला तापापेक्षा याचा राग जास्त आला, खरं सांगते.

‘पण बाई, मी युनिव्हर्सिटीची तयारी करत होते,’ हे तू मघाशी दारातच म्हणालीस. ती तयारीही मी पाहिली. लॅपटॉपची बॅग आणलीस, लॅपटॉप अजून यायचाय. चार रंगांची हायलायटर पेनं. वसतिगृहाच्या भिंतीला लावायच्या दिव्यांच्या माळा. टेबलावर उभं करायचं छोटं कॅलेंडर, त्यात ऑगस्टची पानंच्या पानं कोरी. सिनिअर मुलींकडून कुठल्या मेसमध्ये भाजी बरी असते त्याची माहिती. हे सगळं आणायला कुणाची ना नाही. पण मघाशी मी तुला एक साधं इंटिग्रेशन घातलं, एक्स साइन एक्स. बारावीच्या पुस्तकातलं, बाय पार्ट्सचं अगदी पहिल्या पानावरचं. तू लिहिलंस, एक्स कॉस एक्स अधिक साइन एक्स. उणे चिन्ह गेलं कुठे? आणि शेवटचा सी? तोही गेला. मार्चमध्ये तू हे झोपेत सोडवत होतीस. मग गेलेले चार महिने म्हणजे विश्रांती म्हणायची की गंज?

पहिल्या वर्षाला मॅट्रिक्स येतील, पार्शल डेरिव्हेटिव्ह येतील, पुढे डबल इंटिग्रल. तिथले सर फळ्यावर बाय पार्ट्स पुन्हा शिकवत नाहीत, ‘हे तुम्हाला येतंच’ म्हणून पुढे जातात. वर्गात साठ-सत्तर मुलं. निम्मी पुण्या-मुंबईची, क्लासवाल्यांनी पुढच्या वर्षाचं आधीच घोटून घेतलेली. तू तिथे दिवाळीपर्यंत मान खाली घालून बसशील आणि घरी फोन करून सांगशील, बाबा, इथलं शिकवणं कळत नाही.

पसंतीक्रमाच्या अर्जाबद्दल तर बोलूच नये असं वाटतं, पण बोलते. तो अर्ज तू कॅफेतल्या मुलाला भरू दिलास. पहिल्या क्रमांकाला जे कॉलेज टाकलंस ते का टाकलंस? मैत्रीण तिथे जातेय म्हणून. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप फ्रीज होते, मागे फिरता येत नाही, हे माहितीपुस्तिकेत लिहिलेलं आहे. तू पुस्तिका उघडलीस? नाही. नशीब म्हण, दुसऱ्या क्रमांकाचं लागलं. आता बेटरमेंट घ्यायचं की हीच जागा पक्की करायची, हे मला विचारायला आलीस. त्याचं उत्तर मी देणार नाही. मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर आहेत. तू बस, तू बघ, कारणांसह लिहून आण. मग मी वाचेन.

वडिलांना आता समितीच्या दारात पाठवायचं नाही. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की तूच जायचंस, पहिल्या एसटीने, पावती, प्रतिज्ञापत्र आणि आजोबांचा मूळ उतारा घेऊन. फाईल कुठे अडलीय हे साहेबांना तूच विचारायचंस, आणि काय उत्तर मिळालं ते तारखेसह वहीत लिहायचं. उकळलेल्या पाण्याची बाटली घरून न्यायची. गोळ्या दोन्ही वेळा घ्यायच्या, शेवटच्या गोळीपर्यंत.

आणि सोमवारी सकाळी सात वाजता माझ्या घरी यायचं. गणिताची वही आण, बाय पार्ट्सची वीस उदाहरणं सोडवून आण. उणे चिन्हं तपासून. प्रत्येकाच्या शेवटी सी. फोन घरी ठेवून ये.