वाळूचा थर आणि ईश्वरी न्याय

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंप, त्सुनामी आणि आग यांनी उद्ध्वस्त झाले, तेव्हा प्रार्थनेला जमलेली माणसे का मेली, हा प्रश्न युरोपातील विचारवंतांना टाळता आला नाही. जेझुइट धर्मोपदेशक गाब्रिएल मालाग्रिडा यांनी संहाराचे कारण नगराच्या पापांत शोधले. विद्यमान जग हे सर्व शक्य जगांत सर्वोत्तम होय, हा लाइब्निझप्रणीत आशावाद फ्रेंच लेखक व्होल्तेरने नाकारला. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७५६ मध्ये भूगर्भातील कारणांकडे लक्ष वेधले.

त्या लाटेची खूण जमिनीतही उरली आहे. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर, बोका दो रियो येथे, बारीक चिखलाच्या थरांमध्ये वाळू, शिंपले आणि फोरामिनिफेरा, म्हणजे कवचधारी एकपेशीय सागरी जीव, यांचा मिश्र थर सापडतो, आणि अभ्यासक तो १७५५ च्या लाटेचा मानतात. वादळही वाळू आत आणते, म्हणून एकाच खुणेवर निष्कर्ष बेतता येत नाही. थायलंडच्या फ्रा थाँग बेटावर तर २००४ च्या त्सुनामीने आणलेल्या वाळूखाली, कुजक्या वनस्पतींनी काळ्या झालेल्या मातीने विलग केलेले, तसेच जुने थर आढळले असून त्यांतला सर्वांत अलीकडचा साधारण ५५० ते ७०० वर्षांपूर्वीचा आहे.

ही पुनरावृत्ती शिक्षेची कल्पना दुबळी करते, कारण भूकंप घडवणारा, भूपट्टांत साठणारा ताण माणसाच्या आचरणावर अवलंबून नसतो. तथापि तेवढ्याने श्रद्धेपुढचा प्रश्न मिटत नाही, कारण ज्याचे घरदार वाहून गेले त्याचा प्रश्न लाट कशी उसळली एवढाच नसतो, आणि त्याला पापाचा हिशोब ऐकवणारा धर्मोपदेश तर त्या प्रश्नाला स्पर्शही करत नाही.