आगमनकाळात थोडी विश्रांतीही



नाताळपूर्वीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, प्रभूची वाट पाहण्याचा काळ. आपण मात्र तो धावपळीत घालवतो. साफसफाई, करंज्या, केक, गोठा, खरेदी! शब्दाने शब्द वाढतो, आणि मध्यरात्रीच्या मिस्साला आपले डोळे मिटू लागतात.

एलिया संदेष्टाही असाच थकला होता. रानात झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले (1 राजे 19). देव त्याच्यावर रागावला नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले. मगच एलिया 40 दिवस चालून होरेब पर्वतावर पोहोचला.

तेव्हा विश्रांती म्हणजे आळस नव्हे. या आठवड्यात आपण एखादे काम कमी करूया. करंज्या आईवर न सोपवता सर्वांनी मिळून करूया. वेळेवर जेवूया, झोपूया, रोज दहा मिनिटे शांतपणे प्रार्थनेला बसूया. ज्या घरी यंदा दुःख झाले आहे, तिथे थोडा वेळ जाऊन बसूया.

बाळ येशू गोठ्यात जन्मला. आपले घर थोडे कमी सजले तरी तो येईलच. त्याला भेटायला आपण जागे असूया.