लाभार्थ्याचा निषेध

अन्यायाचा लाभ ज्याच्या पदरी पडतो, त्याला त्या अन्यायाविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार असतो काय? उक्ती आणि कृती यांचा मेळ ही कसोटी आपल्याकडे इतकी सर्वमान्य आहे की, या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. ते उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. इंग्लंडातील जॉन फील्डन (१७८४–१८४९) यांचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

फील्डन हे टॉडमॉर्डन येथील मोठे सूतगिरणीमालक. लहानपणी वडिलांच्या गिरणीत त्यांनी स्वतः काम केले होते. १८३२ मध्ये ते ओल्डहॅममधून पार्लमेंटात गेले आणि गिरणीकामगारांचे कामाचे तास घटवण्यासाठी झटत राहिले. गिरणीतले मूल दिवसभरात किती मैल चालते याचा आकडा त्यांनी मँचेस्टरला ऐकला, तेव्हा तो त्यांना खरा वाटेना. घरी परतल्यावर ते घड्याळ समोर ठेवून स्वतःच्याच गिरणीत एका मुलीचे काम पाहत राहिले. हिशेब वीस मैलांचा निघाला. १८३६ साली त्यांनी तो भर सभागृहात सांगितला.

येथे विरोधक विचारतील की, मग त्यांनी आपल्याच गिरणीचे तास आधी का कमी केले नाहीत? फील्डन यांचे म्हणणे असे की, स्पर्धेमुळे एकट्या मालकाचा इलाज चालत नाही. सर्वांना बांधणारा कायदाच हवा. ‘मी एकटा काय करणार’ ही सबब आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु सबब सांगणारा तेथेच थांबतो. फील्डन यांनी मात्र स्वतःचेही हात बांधणारा कायदा मागितला. १८४६ मध्ये लॉर्ड ॲशली यांनी सभागृहातील जागा सोडल्यावर विधेयकाची धुरा त्यांनी घेतली. १८४७ मध्ये स्त्रिया व तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी दहा तासांचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत फील्डन पराभूत झाले.

म्हणून आमच्या मते खरी कसोटी वेगळी आहे: बोलणारा निष्कलंक आहे काय, हे न पाहता, तो जे मागतो त्याची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागते काय, हे पाहावे. केवळ निष्कलंकांनीच बोलावे असा दंडक घातला, तर गिरणीच्या भिंतीआड काय चालते हे ज्यांना आतून ठाऊक आहे, तेच मुके होतील.

तरीही या कसोटीने सारा हिशेब चुकता होत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांत येणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या श्रमांवर पिकत होता. तेथपर्यंत कोणाचे घड्याळ पोहोचत नव्हते. आणि १८३६ ते १८४७ या अकरा वर्षांत मुलांची पायपीट चालूच राहिली. कायद्याने ती पुढच्यांसाठी कमी झाली; जी मुले चालून गेली, त्यांचे ऋण कोणत्याही भाषणाने फिटले नाही. लाभार्थ्याने बोलावे, अवश्य बोलावे. परंतु बोलल्याने आपण ऋणमुक्त झालो असे मात्र त्याने समजू नये.