खिडकी बाराला बंद होते

रात्री नऊ वाजता डॉक्टर शोधत फिरणारा कामगार बेजबाबदार असतो का?

दोस्तहो, हा नीतीचा प्रश्न आहे. आणि नीतीचा प्रश्न आला की आधी बघावं, विचारतंय कोण. ‘ह्या लोकांना तब्येतीची किंमतच नाही. दिवसभर अंगावर काढायचं आणि रात्री येऊन दार वाजवायचं.’ हे बोलणं तुम्ही ऐकलंय. पांढरपेशांच्या तोंडून ऐकलंय, आणि आपल्यातूनच शिकून वर गेलेल्यांच्या तोंडूनही ऐकलंय. आरोपीला न विचारता दिलेला हा निकाल आहे. मी त्या आरोपींपैकी एक. म्हणून आमची बाजू मांडतो.

मी भिवंडीत मागावर आहे. गाव मराठवाड्यात. शेडमध्ये उत्तर प्रदेशचे, बिहारचे, तेलंगणातले गडी. जात वेगळी, बोली वेगळी, धर्म वेगळा. खोकला सगळ्यांचा एक. पाळी बारा तासांची, आठ ते आठ. पैसे मीटरवर. माग थांबला की पैसा थांबला.

आता हिशोब मांडू. सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी सकाळी उघडते आणि बाराच्या सुमाराला बंद होते. केसपेपरला एक रांग, डॉक्टरपुढं दुसरी, रक्ताला तिसरी, औषधाला चौथी. रिपोर्ट उद्या. म्हणजे एका तापाला दोन खाडे. खाडा पडला की नुसती मजुरी बुडत नाही. मागावर बदली चढतो. तिसऱ्या दिवशी गेलं तर मुकादम म्हणतो, ‘आता जागा न्हाई, पुढच्या हप्त्यात बग.’ ज्यानं उचल घेतलीय त्याचा तर खाडा म्हणजे कर्जावर कर्ज. आणि तिकडं गावाला पोरं पैशाची वाट बघत असतात.

दिवसा पडून राहावं म्हटलं तर कुठं? एका खोलीत दहा-बारा माणसं. दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच जागेवर रातपाळीवाला झोपतो. आजाऱ्याला अंग टाकायला हक्काची वळकटी नाही. दवाखान्यात धरून न्यायला बायको नाही, भाऊ नाही, ती गावाला. जो शेजारचा गडी धरून नेईल तोही आठलाच सुटतो. बाईमाणसाचं ह्याहून अवघड. पोर तापानं फणफणलं तरी पैसा नवऱ्याच्या हातात आणि नवरा मागावर.

म्हणून माणूस आधी मेडिकलवाल्याकडून गोळी घेतो. दोन-चार दिवस तशीच पाळी भरतो. मग एका रात्री, खाणावळीत दोन घास ढकलून, गल्लीतल्या डॉक्टरकडं जातो. तिथं ट्यूबलाइट जळत असते. तो डॉक्टर सुई टोचतो, कागदाच्या पुडीत दोन दिवसांच्या गोळ्या देतो, हिंदीत बोलतो, आधार कार्ड मागत नाही, पैशाला पगारापर्यंत थांबतो. त्याच्या पाटीवरची पदवी खरी का खोटी, ही शंका आम्हालाही येते. पण त्याची एक पदवी खरी आहे. तो आमच्या वेळेला उघडा असतो.

जबाबदारी कुठं सुरू होते? जिथं दोन वाटा असतात आणि माणसाला त्यातली एक निवडता येते, तिथं. ज्याच्यापुढं वाटच एक ठेवलीय, त्याला ‘तू चुकीची वाट निवडलीस’ म्हणणं हा कावा आहे. व्यवस्थेचा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलायचा, ही जुनीच रीत. आपल्याला ती नवी नाही. ‘हे लोक मुळातच घाणेरडे’ असं म्हणणाऱ्यांनीच आपल्याला पाण्यापासून लांब ठेवलं होतं.

पाण्यावरून आठवलं म्हणून सांगतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. आपल्या माणसाच्या ओंजळीत त्यातलं पाणी यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला. महाडनं आपल्याला एक तत्त्व शिकवलंय. दार उघडं आहे असं सांगून भागत नाही. ज्याच्यासाठी ते उघडं म्हणता, त्याला आत जाता येतं का, हे विचारायचं.

सरकारी दवाखान्याच्या दारावर जात विचारत नाहीत. पण बारा वाजता बंद होणारी खिडकी न बोलता एक प्रश्न विचारतेच : सकाळची वेळ तुझ्या मालकीची आहे का? ज्याला साहेबाला फोन करून भरपगारी रजा घेता येते, तो ‘हो’ म्हणतो. आमची सकाळ विकलेली असते. आमच्याकडं उरते ती रात्र, तीही झोपेतून कापून घेतलेली. गावोगाव दवाखाने बांधताना सरकारनं माणसं मोजली. सपाटीवर ३०,००० लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० मागं एक. लोकसंख्या मोजली, अंतर मोजलं. माणूस कामावरून सुटतो किती वाजता, हे मोजायचं राहिलं.

क्षयाचंच बघा. १९९७ पासून देशात जो क्षय कार्यक्रम चालला, त्यात पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा नेमलेल्या माणसासमोर जाऊन गोळ्या गिळायच्या होत्या. उपचार कमीत कमी सहा महिन्यांचा. मधेच सुटला की रजिस्टरात त्याच्या नावापुढं शब्द पडायचा : डिफॉल्टर. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तो शब्द, फुफ्फुस सडत चाललेल्या माणसाला! त्याची पाळी बदलली, तो काम शोधत दुसऱ्या शहरात गेला, का गावाला पेरणीला गेला, ह्यासाठी त्या एका शब्दात जागा नव्हती. पुढं २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो शब्द काढला. २०१७ पासून आपल्याकडं रोजच्या गोळ्यांची पद्धत आली. शब्द बदलला हे बरंच झालं. पण शब्दामागची नजर अजून दवाखान्याच्या बाकावर बसलेली असते.

ह्याच रोगाचा आणि आपल्या जातीचा एक जुना धागा आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागायचं, आणि आपल्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटायचे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं ठेवला. एकाच धोट्याला दहा जणांची तोंडं लागून रोग पसरेल, ही काळजी त्या विटाळात कुठंच नव्हती. भीती थुंकीतल्या जातीची होती. आज मागावर कुणीही चालतो, कारण माग चोवीस तास चालवायचाय. आजारी पडल्यावर मात्र तोच माणूस अवेळी आलेला ठरतो.

आता आपल्यातल्याच दोन हरकती.

पहिली : ‘रात्रीचा दवाखाना म्हणजे मालकाची सोय. कामगार रात्री दुरुस्त होणार आणि सकाळी मागावर उभा राहणार.’ खरं आहे. सगळ्यात जास्त फायदा मालकाचाच. मागाला तेल घालतात तसं कामगाराला औषध. पण म्हणून संध्याकाळचा दवाखाना मागायचा नाही? तत्त्व शुद्ध राहावं म्हणून दुसऱ्याच्या पोराचा न्यूमोनिया थांबवून ठेवायचा हक्क मला कुणी दिला? मला तर वाटतं, जे तत्त्व आजाऱ्याला थांब म्हणतं ते आपलं नव्हे. मालकाचा फायदा होत असला तरी ही मागणी करायची. फक्त तिथंच थांबायचं नाही.

दुसरी हरकत जड आहे. रात्रीच्या दवाखान्यात राबणार कोण? नर्स, वॉर्डबॉय, सफाईवाली. त्यातली कितीतरी आपलीच माणसं, आणि कितीतरी कंत्राटावर. माझ्या रात्रीसाठी माझ्या बहिणीची रात्र विकायची का? मी ह्यावर बराच विचार केलाय. उत्तर असं येतं : आहे त्याच माणसांकडून जादा तास काढून रात्रीचा दवाखाना चालवणं हे पुन्हा शोषणच. दुसरी पाळी म्हणजे दुसरी माणसं, पूर्ण पगारावर, आणि घरी जायला गाडी. हे महाग पडतं म्हणतील. महाग पडतंच. आजपर्यंत ते स्वस्त होतं, कारण किंमत आम्ही शरीरातून भरत होतो.

आणि हे होण्यासारखं नाही असंही नाही. २०१३ च्या शहरी आरोग्य अभियानात संध्याकाळच्या ओपीडीचा विचार केलेलाच आहे. २०२२ मध्ये मुंबईत आणि २०२३ मध्ये राज्यात ‘आपला दवाखाना’ निघाला, तो रात्री दहापर्यंतची वेळ सांगतच. म्हणजे आमची वेळ सरकारला कळते. पण तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी लिहून मोठ्या दवाखान्यात धाडलं की एक्स-रे, सोनोग्राफी, मोठा डॉक्टर पुन्हा सकाळीच. पुन्हा तीच खिडकी.

म्हणून मुळाशी जायला पाहिजे. मूळ आहे कामाच्या तासांत. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. ते विधेयक मांडलं मजूर खातं सांभाळणाऱ्या बाबासाहेबांनी. आठ तासांच्या कामात दवाखाना बसतो, बारा तासांच्या पाळीत बसत नाही. १९४८ साली कामगार विमा आला. आजारपणात सत्तर टक्के मजुरी, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पण दहा माणसांची अट. आणि एकाच छपराखाली चार नावांचे चार कारखाने दाखवलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. मागांची घरघर एक, मालक एक, वह्या चार. त्या वह्यांत माझं नाव कुठंच नाही. ज्याचं नाव वहीत नाही त्याला रजा कसली? तो आजारी पडत नाही, नुसता गैरहजर असतो.

एक गोष्ट आपल्या पोरांना खास सांगायचीय. ‘भय्या लोकांमुळं दवाखान्यात गर्दी झाली’ असं नाक्यावर बोलताना मी आपल्यातल्यांनाही ऐकलंय. दोस्तहो, आपले आजे-पंजेही ह्या शहरात असेच आले. गावानं वेशीबाहेर ठेवलं म्हणून आले. आता आपण शहराची वेस आखून दुसऱ्याला तिच्याबाहेर ठेवायचं, तर बाबासाहेबांचं नाव घ्यायचं कशाला?

तर काम असं आहे. ह्या महिन्यात आपापल्या वस्तीत जा. आजाऱ्याला ‘आधी का गेला नाहीस?’ असं विचारू नका. दोनच गोष्टी विचारा : कामावरून सुटतोस किती वाजता, आणि दवाखान्याची खिडकी बंद होते किती वाजता? दोन्ही वेळा वहीत शेजारी शेजारी लिहा. नाव नको, जात नको, नुसत्या वेळा. पन्नास जणांच्या झाल्या की ती वही घेऊन महापालिकेत जा आणि टेबलावर ठेवा. मागण्या तीन : पूर्ण माणसांनिशी संध्याकाळचा दवाखाना, तपासण्यांसकट. मागवाल्याचं नाव वहीत. आणि आजारपणाची भरपगारी रजा.

आणि भेटायला दुपारी जाऊ नका. रात्री आठनंतर जा. आम्ही तेव्हाच भेटतो.

जय भीम.