शिक्षेच्या शब्दांमागून चालताना

स्पॅनिश शिकताना गुन्हा आणि शिक्षा हा धडा आला, तेव्हा मी नेहमीप्रमाणे मराठी जोड्या लावत गेले. 'मुल्ता' म्हणजे पैशांचा दंड, 'कार्सेल' म्हणजे तुरुंग. 'पेना'पाशी मात्र थांबले. कायद्यात तो शिक्षेचा शब्द आणि बोलण्यात दुःखाचा. वाईट बातमी ऐकली की स्पॅनिश माणूस 'के पेना' म्हणतो. त्याच्या मुळाशी ग्रीक 'पोइने' आहे. तिथे अर्थ होता सांडलेल्या रक्ताची भरपाई, मृताच्या नातलगांना द्यायचं मोल. म्हणजे आधी शिक्षेत देणं-घेणं होतं, यातना नंतर आली. 'कास्तिगो'च्या लॅटिन मुळात शुद्धीची कल्पना आहे, आपल्या प्रायश्चित्ताजवळची. आपली 'शिक्षा' तर शिकण्याच्याच धातूतली.

'एस्कार्मिएन्तो' म्हणजे अद्दल. एकाला शिक्षा झाली की बाकीच्यांनी धडा घ्यायचा. मी राहते त्या येलहंकात हा अर्थ जुना आहे. इथले नाडप्रभू केंपेगौडा, ज्यांनी 1537 च्या सुमारास बेंगळुरू वसवलं, त्यांनी विजयनगरची परवानगी न घेता स्वतःचं नाणं पाडलं. म्हणून त्यांना आनेगुंदीला पाच वर्षं कैदेत ठेवलं, असं परंपरा सांगते. कैदेतून सुटल्यावर ते पुन्हा आपल्या मुलखाचे प्रभू झाले. त्यांना सुधारावं असं कुणाच्या मनात असण्याचं कारणच नव्हतं. नाणं पाडण्याचा हक्क कुणाचा, हे इतर नायकांना कळायला हवं होतं.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा शब्द 'सांबेनितो'. इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने दोषी ठरवलेल्याच्या अंगावर चढवलेला हा झगा. स्पेनमध्ये तो पुढे नावासह चर्चमध्ये टांगला जाई, म्हणजे शिक्षा भोगून झाली तरी नातवंडांच्या माथी कलंक उरे. आजही स्पॅनिशमध्ये हा शब्द बदनामीच्या शिक्क्यासाठी वापरतात. गोव्यात इन्क्विझिशन 1560 मध्ये आलं, ते कायमचं संपायला 1812 उजाडलं. अ. का. प्रियोळकरांनी त्यावर ग्रंथ लिहिला तो 1961 मध्ये.

'सांबेनितो'समोर 1978 च्या स्पॅनिश राज्यघटनेतला 'रेइन्सेर्सिओन' ठेवला की किती अंतर कापलं गेलं ते दिसतं. कैदेच्या शिक्षेचा रोख पुन्हा घडवण्याकडे आणि समाजात परत सामावून घेण्याकडे असावा, असं तिचं पंचविसावं कलम सांगतं. ज्या देशात 1974 पर्यंत गळा आवळून देहदंड दिला जात होता, त्या देशाने हे चार वर्षांत लिहिलं. पण ही वाट सरळ पुढेच जात नाही. 2015 मध्ये त्याच देशाने पुनर्विचाराच्या अटीवर कायमस्वरूपी कैद आणली.

आणि कैद्याला समाजात परत सामावून घेणं स्पेनने आपल्याला शिकवायला हवं होतं, असंही नाही. बेंगळुरूच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम केलेले पोलिश अभियंता मॉरिस फ्रिडमन पुढे औंध संस्थानात गेले. त्यांच्या पुढाकाराने 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंती नाहीत, शेती करायची, कुटुंबासह राहायचं. ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (1957) यांमागे हीच वसाहत. सिनेमा आपण डोक्यावर घेतला. वसाहतीसारखी गावं मात्र फारशी वाढवली नाहीत, याचं मला दुःख आहे. खुनाच्या कैद्यावर भरवसा टाकायला एका छोट्या संस्थानाला जे धैर्य सुचलं, ते मोठ्या व्यवस्थांना परवडू नये?

1 जुलै 2024 पासून आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवा ही शिक्षा तिने प्रथमच घातली. स्पेनच्या 1995 च्या संहितेतही समाजोपयोगी काम आहे, पण तिथे शिक्षा झालेल्याच्या संमतीशिवाय ते लादता येत नाही. आपल्या तरतुदीत मोबदला मिळणार नाही एवढं म्हटलं आहे, संमतीचा उल्लेख नाही. मला तो हवा आहे. समाजात परत यायचं तर त्या माणसाने होय म्हणायला हवं, आणि ते विचारण्याचं काम न्यायालयाचं आहे.