मंगळवारची मग्दालीया

लूकच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढा आणि पहिली तीनच वचनं वाचा. येशू गावोगाव फिरतो आहे, बरोबर बारा शिष्य आहेत आणि काही बायकाही आहेत. पहिली मरीया, मग्दालाची, जिच्यातून सात भुतं निघाली होती. दुसरी योहान्ना, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको. तिसरी सुसान्ना. अशा आणखी पुष्कळ. लूक जाता जाता सांगून टाकतो, की या बायका पदरचे पैसे घालून सगळ्यांचं बघत होत्या. गावोगाव हिंडायचं म्हटलं की जेवणखाण, मुक्काम, वाटखर्च आलाच. तो कुणी उचलला याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. लूकने ठेवली आहे. मग्दालीयेच्या पूर्वायुष्याबद्दल मात्र एवढंच: सात भुतं. म्हणजे काहीतरी मोठं दुखणं. तिच्या चारित्र्याबद्दल चारही शुभवर्तमानांत अवाक्षर नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या वसईत रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. मग्दालीया कोण, असं विचारलं की मुलांचं उत्तर ठरलेलं असतं: वाईट बाई होती, मग सुधारली. हे उत्तर बायबल वाचून आलेलं नाही. त्यांना ते आजीकडून मिळालं, आजीला प्रवचनातून, आणि त्या प्रवचनाचा माग काढत गेलं तर आपण थेट ५९१ सालच्या रोममध्ये पोचतो.

तिथे पहिला ग्रेगरी पोप होता. वर्षभरापूर्वीच्या साथीत त्याच्या आधीचे पोप गेले होते, लोम्बार्ड सैन्याची धास्ती होती, शहर भेदरलेलं होतं. ग्रेगरीने प्रवचनाला लूकचा सातवा अध्याय घेतला. शिमोन परुशाच्या घरी एक पापी बाई येते, येशूच्या पायांवर आसवं गाळते, केसांनी ते पुसते, सुगंधी तेल लावते. लूक तिचं नाव सांगत नाही. ग्रेगरीने सांगितलं: हीच बेथानीची मरीया, आणि हीच सात भुतांची मरीया. भुतं म्हणजे सगळे दुर्गुण. आणि तेल? ते ती पूर्वी स्वतःच्या अंगाला लावत असे! तीन बायकांची एक बाई झाली, आणि पश्चिमेकडे हजारावर वर्षं तशीच राहिली.

मला यात कटकारस्थान दिसत नाही. मरणाच्या भीतीने गांगरलेल्या माणसांना पश्चात्तापाचा एक चेहरा दाखवावा, एवढाच त्याचा हेतू असावा. पण दुसरी वाट होती, हेही खरं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने ही गल्लत केली नाही. तिथे ती आजही प्रेषितांच्या बरोबरीची म्हणूनच पूजली जाते.

आणि पश्चिमेतही तिची खरी ओळख अगदी पुसली गेली नव्हती. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेलं सेंट ऑल्बन्सचं स्तोत्रांचं हस्तलिखित आहे, त्यातलं एक चित्र बघा. एका बाजूला मग्दालीया एकटी उभी, बोट वर केलेलं, येशू उठल्याचं सांगते आहे. समोर अकरा प्रेषित एकमेकांना खेटून, दाटीवाटीने, ऐकताहेत. वर्गात उशिरा आलेली मुलं बाईंपुढे उभी राहतात तशी. आता चारशे वर्षांनंतरचं टिशियनचं चित्र घ्या, फ्लॉरेन्सच्या पिट्टी पॅलेसमधलं. अंगावर वस्त्र नाही, केसांनी झाकलं न झाकल्यासारखं केलेलं, डोळे भरून आकाशाकडे लागलेले. तिचं तोंड आता कुणाला काही सांगण्यासाठी नाही. नाव सारखं, सण सारखा, पण पहिल्या चित्रातल्या बाईपुढे ऐकणाऱ्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. दुसरीकडे नुसतं बघितलं की झालं.

आमच्याकडे उपवासकाळात येशूच्या दुःखसहनाचं नाटक बसवतात. मग्दालीयेला भडक लाल ओढणी, मोकळे केस आणि दोनच कामं: पाया पडणं आणि रडणं. नाटक बसवणाऱ्या मुलाला मी म्हटलं, अरे, शुभवर्तमानात ती क्रुसापाशी उभी आहे, कबर कुठे आहे ते तिने बघून ठेवलंय, पहाटे ती तिथे पोचते. हे कर की. तो बिचारा गोंधळला. ‘मग टीचर, रडायचं कोणी?’

हसू येतं, पण सगळीकडे ते हसण्यावारी गेलं नाही. आयर्लंडमध्ये तिच्या नावाने धुलाईघरं चालली. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, काही नुसत्याच निराधार अशा मुलींना तिथे ठेवलं जाई; धर्मभगिनींच्या देखरेखीखाली बिनपगारी कपडे धुणं. शेवटचं १९९६ साली बंद झालं. २०१३ साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. पश्चात्तापी मग्दालीया हे चित्र नसतं, तर त्या घरांना दुसरं कुठलं तरी नाव मिळालं असतं, आणि मुलींचे हाल चुकले नसते, हे मी जाणते. पण नाव शोभून दिसलं ते ग्रेगरीमुळे.

चूक लक्षात यायला विद्वान हवेत असंही नाही, पण आले ते विद्वानच. १५१७ साली फ्रान्सच्या लफेव्र देताप्ल यांनी लिहिलं, की या तीन वेगळ्या बायका आहेत. सोरबॉनने १५२१ साली ते मत धिक्कारलं. शेवटी १९६९ साली रोमने सणांची दिनदर्शिका सुधारली आणि २२ जुलैला, तिच्या सणाला, लूकमधल्या पापी बाईऐवजी पुनरुत्थित येशू तिला भेटतो तो योहानाचा विसावा अध्याय वाचायला दिला. गाजावाजा नाही, खुलासा तेवढा दिनदर्शिकेच्या टिपांत. लोकांपर्यंत पोचलं ते नुसतं बदललेलं वाचन. म्हणूनच २००४ च्या ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये मग्दालीया पुन्हा व्यभिचारात धरलेली बाई होऊ शकली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेने तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला आणला गेला.

महिला मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एक वयस्क बाय रागावली. म्हणाली, ‘माझी मग्दालीया काढून घेऊ नकोस. तिच्याकडे बघून मी दिवस काढले.’ यावर तर्क चालत नाही. एवढंच म्हणेन, की ती जिला धरून राहिली ती बाई लूकच्या सातव्या अध्यायात जिथल्या तिथे आहे. तिला क्षमा मिळालेली आहे आणि तिला मग्दालीयेच्या नावाची गरज नाही. उसनं नाव देऊन आपण तिचंही नुकसानच केलं.

मी मिस्सामध्ये वाचन करते, त्यामुळे वाचनग्रंथ हाताखालचा आहे, आणि बायकांची नावं कशी गळतात ते दिसतं. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाची सुरुवात किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका फिबी हिच्या शिफारशीने होते. तो अध्याय आपण दोन वर्षांतून एकदा, शनिवारी वाचतो, आणि तोही तिसऱ्या वचनापासून. फिबी गळते. करिंथकरांस लिहिताना पौल पुनरुत्थित येशू कुणाकुणाला दिसला याची यादी देतो: पेत्र, बारा जण, पाचशे बंधू, याकोब. मग्दालीया त्या यादीत नाही.

आणि ईस्टर. शनिवारच्या रात्रीच्या विधीत स्त्रिया कबरीपाशी येतात, हे खरं. पण रविवारी, सगळी वसई नवे कपडे घालून येते तेव्हा, योहानाचा विसावा अध्याय नवव्या वचनाला थांबतो. मग्दालीया धोंड काढलेली बघते, पळत निरोप देते. मग पेत्र आणि दुसरा शिष्य धावतात, रिकामी कबर बघतात, संपलं. येशू तिला नावाने हाक मारतो आणि ‘माझ्या भावांना जाऊन सांग’ म्हणतो, तो भाग मंगळवारी. तेव्हा लोक विरार लोकलमध्ये असतात.

रविवारच्या प्रवचनात निदान पुढचा भाग तोंडी सांगा, असं मी फादरना सुचवलं. ते म्हणाले, ‘टीचर, तुम्ही मंगळवारी येताच की.’

मी येतेच. मी बोलत होते ते रविवारी येणाऱ्यांबद्दल.