तीन पाण्यांनी धुतलेली पालक



नैवेद्याची भाजी आपण तीन पाण्यांनी धुतो. माती जाते, कीड जाते. पण इंदूरचं सांडपाणी घेऊन येणारी कान्ह नदी त्रिवेणीवर आपल्या क्षिप्रेला मिळते. असल्या पाण्यावरच्या पालकात कॅडमियम मुळातून पानात चढू शकतं. ते धुऊन जात नाही, शिजवूनही नाही. मूत्रपिंडात वर्षानुवर्षं साठतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठी खाणीचं कॅडमियम भातात उतरलं, बायकांची हाडं मोडू लागली. सरकारने कारण मान्य केलं ते १९६८ साली!

काही जण म्हणतात, त्या शेतकऱ्याकडून घेऊच नका. सोपं आहे हो! पण ती जुडी मंडईत दुसऱ्या कुणाच्या पिशवीत जाणारच, बहुधा स्वस्तात, गरिबाघरी. आणि पाणी त्याने आणायचं कुठून? घाण त्याची नाही. कारखान्यांची आहे, शहरातल्या घरांची आहे.

सोवळं आपल्या ताटापुरतंच मोजायचं का, असं आम्हाला विचारावंसं वाटतं. आधी मिळून त्या शेताची माती प्रयोगशाळेत तपासून घेऊ. दोष निघाला तर पालेभाजीऐवजी झेंडू लावायला त्याला मदत करू, आणि देवाची फुलं त्याच्याकडूनच घेऊ. गुरुवारी सत्संगानंतर जरा थांबा, यावर बोलू.